परवाना टेक्ससचा, हद्द मेरिलँडची

ताई, नमस्कार. आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. मी आणि बायको, दोघंही ग्रीन कार्डवर. तीन वर्षांपूर्वी मागच्या गल्लीत घरफोडी झाली, तेव्हा दुकानात रीतसर फॉर्म भरून नऊ एमएमचं ग्लॉक १९ पिस्तूल घेतलं. टेक्ससचा कॅरी परवानाही, म्हणजे ते सोबत घेऊन फिरायचा, काढलाय. आता जानेवारीपासून न्यू जर्सीत एडिसनला बदली आहे. डिसेंबरच्या सुट्टीत गाडीनंच जायचं म्हणतोय. मी, बायको आणि दोन मुलं. वाटेत मेरिलँडमध्ये फ्रेडरिकला साडूंकडे दोन रात्री. पिस्तूल सोबत न्यायचं आहे. ऑफिसातला मित्र म्हणतो, "फेडरल कायदा आहे, कुलपात ठेव आणि देशात कुठेही ने." बायको म्हणते, विकून टाका, कटकट नको. खरं कोणाचं? आणखी एक. माझा भाचा रिचर्डसनला एमएस करतोय. निघण्यापूर्वी त्याला एकदा नेमबाजीच्या रेंजवर न्यायचं कबूल केलंय. त्यात काही अडचण नाही ना?
फ्रिस्कोचा एक वाचक

नमस्कार.

तुम्ही भाच्याचा प्रश्न शेवटी, जाता जाता विचारल्यासारखा लिहिलाय. मला मात्र पत्र वाचताना सगळ्यात जास्त धडकी त्यानंच भरली, म्हणून आधी तोच घेते.

भाचा एमएस करतोय म्हणजे बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असणार. एफ-१, एच-१बी, एच-४, एल-१, म्हणजे ज्याला 'नॉनइमिग्रंट' व्हिसा म्हणतात त्यावर आलेल्या माणसानं बंदूक किंवा काडतूस नुसतं ताब्यात ठेवणंही फेडरल गुन्हा आहे. विकत घेणं तर लांबच. रेंजवर भाड्यानं मिळणारं पिस्तूल पाच मिनिटं हातात धरणं हासुद्धा ताबाच. शिक्षा १५ वर्षांपर्यंत होऊ शकते. हा नियम साऱ्या देशाला लागू आहे, त्यात टेक्सस सैल आणि न्यू जर्सी कडक असा भेद नाही. शिकारीचा वैध परवाना जवळ असेल तर कायद्यात सूट आहे, आणि काही मुलं केवळ रेंजवर जाता यावं म्हणून तो काढतातही. पण उद्या ज्याला एच-१बीच्या मुलाखतीला उभं राहायचंय त्या पोरानं असल्या पळवाटेवर का चालावं, हे मला कळत नाही. शिवाय अशा माणसाच्या हाती जाणूनबुजून हत्यार दिलं म्हणून प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. आपल्या मुलांना रेंजवर जायची हौस बहुतेक फोटोसाठी असते. तो फोटो व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपांवर फिरतो, म्हणजे पुरावा आपणच तयार करून वाटायचा. भाच्याला रोडिओ दाखवा, बार्बेक्यू खाऊ घाला. कबूल केलेलं मोडायला कसंसंच वाटेल, पण मामानं मोडलंच पाहिजे.

आता तुमचं.

मी वकील नाही. तीसेक वर्षं न्यू जर्सीत काढली आहेत, नवऱ्याला रेंजचा नाद आहे, त्यामुळे घरात ही कागदपत्रं आणि त्यांवरची भांडणं दोन्ही पाहिलीत. तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि माणसाला अडकवतं ते हे अर्धं खरंच. तो म्हणतो तो कायदा १९८६ चा, फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट. एका ठिकाणी तुम्हाला बंदूक बाळगायचा हक्क आहे आणि दुसऱ्या ठिकाणीही आहे, तर मधली राज्यं कितीही कडक असोत, तुम्ही ती त्यांच्यातून नेऊ शकता, असं तो सांगतो. अटी अशा की बंदूक भरलेली नको, आणि बंदूक व गोळ्या दोन्ही बसल्या जागेवरून हाताला लागता कामा नयेत. साध्या कारमध्ये हे सोपं. डिकीत ठेवलं की झालं. पण दोन मुलं आणि बिऱ्हाड घेऊन निघालेला माणूस काही साध्या कारनं जात नाही, एसयूव्ही किंवा मिनिव्हॅननं जातो, आणि तिची मागची जागा बैठकीला लागूनच मोकळी असते. अशा गाडीसाठी कायदा सांगतो की कुलूपबंद पेटी हवी, आणि डॅशबोर्डचा खण किंवा दोन सीटमधला कप्पा हे पेटीत धरले जाणार नाहीत, त्यांना कुलूप असलं तरी. टेक्ससमध्ये तुम्ही पिस्तूल नेमकं कुठे ठेवता हे मी विचारत नाही. मला अंदाज आहे.

या कायद्यातला खरा पेच मात्र 'नेणे' या शब्दात आहे. तो प्रवासाला संरक्षण देतो, मुक्कामाला देईलच असं नाही.

२००५ साली युटाचा एक गृहस्थ विमानानं पेन्सिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला निघाला होता. पिस्तूल रीतसर जाहीर करून, कुलपात, चेक-इन सामानात. न्यूअर्कला विमान बदलायचं होतं. पुढचं विमान चुकलं, सामानाचा घोळ झाला, बॅग अखेर हाती आली तोवर रात्र झाली होती. बॅग घेऊन तो विमानतळाजवळच्या हॉटेलात झोपला. सकाळी परत काउंटरवर जाऊन त्यानं आपणहून सांगितलं, बॅगेत पिस्तूल आहे. त्याला अटक झाली. काही दिवस तो कोठडीत होता. पुढे आरोप मागे घेतले गेले, पण अटक बेकायदा होती म्हणून त्यानं दावा लावला आणि २०१० मध्ये तो हरला. अपील कोर्टाचं म्हणणं असं की त्या रात्री हॉटेलात बॅग त्याच्या हाताशी होती, तेव्हा फेडरल कायद्याचं छत्र त्याच्यावर उरलं नव्हतं. विमानतळावरच, बॅग ताब्यात घेण्याआधी, पोलिसांना किंवा कर्मचाऱ्यांना अडचण सांगता आली असती, असंही निकालात आहे. त्या माणसाचा यात काय अपराध, असं मला आजही वाटतं. पण न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया आणि डेलावेअर या तिन्ही राज्यांतल्या फेडरल कोर्टांना तो निकाल बांधील आहे, आणि तुम्ही जाताय तिथेच.

आता तुमचा रस्ता घ्या. डॅलसहून लिटल रॉक, मेम्फिस, नॅशव्हिल, नॉक्सव्हिल, आणि तिथून पुढे आय-८१ हा हमरस्ता धरून वर. व्हर्जिनियात हा रस्ता सव्वातीनशे मैल चालतो, संपता संपत नाही. मग वेस्ट व्हर्जिनिया २६ मैल. मग मेरिलँड. मुलांनी 'किती राहिलं?' म्हणून दोनदा विचारेपर्यंत मेरिलँड मागे पडतं, अवघे १२ मैल. पुढे हॅरिसबर्गपासून आय-७८ कडे वळायचं, ॲलनटाउन, ईस्टन, आणि डेलावेअर नदीचा पूल ओलांडला की न्यू जर्सी.

आर्कान्सा, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांत तुम्हाला टेक्सससारखंच वाटेल. तिथे पिस्तूल बाळगायला वेगळा परवाना लागत नाही. व्हर्जिनियात लपवून बाळगायला परवाना लागतो, पण ती बाहेरच्या राज्यांचे वैध परवाने मानते. म्हणजे हजारबाराशे मैल कोणी हटकत नाही, आणि माणूस निर्धास्त होतो. त्यानंतर ते १२ मैल येतात. मेरिलँड इतर कोणत्याही राज्याचा कॅरी परवाना मानत नाही. एकाचाही नाही. तुमचा टेक्ससचा परवाना तिथे पाकिटातलं एक रंगीत कार्ड. १२ मैल सरळ पार केले, पिस्तूल रिकामं, पेटीत, पेटीला कुलूप, गोळ्या वेगळ्या, तर १९८६ चा कायदा तुमच्या पाठीशी आहे. पण तुम्ही हॅगर्सटाउनला हमरस्ता सोडून फ्रेडरिकला साडूंकडे दोन रात्री राहणार. पेट्रोल भरायला थांबणं वेगळं आणि बॅगा घरात नेऊन, पुरणपोळी खाऊन, दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टन बघायला जाणं वेगळं. तो प्रवास उरत नाही, ती पाहुणचाराची मुक्कामाची भेट होते. आणि वॉशिंग्टनला जाताना पिस्तूल कुठे? साडूंच्या कपाटात? मग आता ते त्यांच्या गळ्यात.

तेव्हा साडूंकडे जायचं तर पिस्तूल नको, पिस्तूल न्यायचं तर साडू नकोत. दोन्ही एका फेरीत बसत नाहीत.

लहानपणी आमच्या चिपळूणच्या घरी आजोबांची बारा बोरची बंदूक भिंतीला टांगलेली असायची. परवाना पीकसंरक्षणाचा, म्हणजे वानर आणि रानडुकरांसाठी. त्या पुस्तिकेवर ती कुठवर चालेल, कोणती हद्द, हे शिक्क्यानिशी लिहिलेलं. निवडणूक लागली की आजोबा ती गोणपाटात गुंडाळून एसटीनं पोलीस ठाण्यात जमा करायला न्यायचे आणि पावती देवघरात ठेवायचे. हद्द काय ती कागदावर. इथे घोळ असा आहे की तुमच्या परवान्यावर हद्द लिहिलेलीच नाही. टेक्ससच्या कार्डावर 'मेरिलँडमध्ये चालणार नाही' असं कुठे छापलंय? आपल्याला ड्रायव्हिंग लायसन्सची सवय. एका राज्याचं पन्नासांत चालतं. कॅरी परवानाही तसाच चालावा म्हणून विधेयकं आली आहेत. २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहानं एक मंजूरही केलं, सिनेटमध्ये ते अडलं.

सुप्रीम कोर्टाचं काय, असं तुमचा मित्र विचारेल. बरोबर आहे. २००८ मध्ये कोर्टानं घरात पिस्तूल ठेवण्याचा हक्क व्यक्तीचा मानला, २०१० मध्ये तो राज्यांनाही लागू केला, आणि जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कची १९१३ पासूनची 'सबळ कारण दाखवा' ही अट ६ विरुद्ध ३ मतांनी मोडीत काढली. त्यानंतर न्यू जर्सीलाही आपली तशीच अट सोडावी लागली. पण परवाना लागतो हे तत्त्व कोर्टानं मोडलेलं नाही, आणि तो कोणत्या राज्याचा हवा यालाही हात लावलेला नाही. न्यू जर्सीत न्यू जर्सीचाच लागतो. आणि टेक्ससवाल्यांनी फार हसू नये. १८७१ च्या कायद्यापासून जवळजवळ सव्वाशे वर्षं तिथे सामान्य माणसाला पिस्तूल घेऊन हिंडायची बंदीच होती. परवान्याची सोय १९९६ च्या जानेवारीत सुरू झाली, आणि बिनपरवान्याची २०२१ च्या सप्टेंबरात.

न्यू जर्सीत परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणं हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे. पाच ते दहा वर्षं. त्यातले किमान ४२ महिने पॅरोलशिवाय, आणि न्यायाधीशाला वाटलं तरी ते सहजी कमी करता येत नाहीत. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई, पेन्सिल्व्हेनियाचा वैध परवाना पर्समध्ये, अटलांटिक सिटीच्या बाजूला गाडीनं चालली होती. लेन बदलताना चूक झाली म्हणून पोलिसानं थांबवलं. तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, गाडीत पिस्तूल आहे, हा माझा परवाना. त्या एका वाक्यानं ती तुरुंगात गेली. गुन्हेगारीचा मागमूस नसलेली बाई साडेतीन वर्षांच्या शिक्षेच्या तोंडाशी उभी होती. फार आरडाओरडा झाला, सरकारी वकिलांनी भूमिका बदलली, आणि शेवटी २०१५ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. तिला वाटलं होतं परवाना म्हणजे परवाना. तुमच्या पत्रातही तेच वाक्य वेगळ्या शब्दांत आहे.

तिच्यात आणि तुमच्यात एक फरक आहे, आणि तो तुमच्या बाजूचा नाही. ती नागरिक होती. ग्रीन कार्डवाल्याला बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं गेलं, तर त्याला देशाबाहेर काढण्याचं कारण तयार होतं. त्यासाठी गुन्हा हिंसक असावा लागत नाही, कोणाला इजा झालेली असावी लागत नाही. साधा वकील 'गुन्हा कबूल करा, प्रोबेशनवर सुटाल' असं सुचवेल, आणि नागरिकासाठी तो सल्ला चांगलाही असेल. तुमच्यासाठी तो घर, नोकरी आणि मुलांची शाळा या सगळ्यावर पाणी सोडणारा ठरू शकतो. कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका आहे का हे अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टानंच २०१० मध्ये सांगितलंय. तशी वेळ कधी आलीच तर पहिला फोन फौजदारी वकिलाला आणि दुसरा इमिग्रेशनच्या वकिलाला, आणि दोघं एकमेकांशी बोललेत याची खात्री होईपर्यंत कशावरही सही नाही.

मी स्वतः एकदा हे अगदी जवळून पाहिलंय. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या मंडळाचा गणपती एका हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये होता. हॉल परवडतात ते शाळांचेच, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी हातात उकडीच्या मोदकांचा डबा घेऊन पार्किंगमधून चालले होते. पेन्सिल्व्हेनियाहून आलेला एक ओळखीचा मुलगा, झब्बा, कपाळाला अष्टगंध, गाडीपाशी घुटमळत होता. हळूच म्हणाला, "काकू, पिस्तूल डॅशबोर्डच्या खणात राहिलंय. चालेल ना, गाडीतच आहे?" मी डबा बॉनेटवर ठेवला आणि दोन मिनिटं नुसती त्याच्याकडे बघत राहिले. परवाना नदीपलीकडचा, पिस्तूल नदीअलीकडे, आणि तेही शाळेच्या आवारात. शाळेच्या एक हजार फुटांत बंदुकीला मनाई करणारा फेडरल कायदा वेगळाच, आणि त्यातली परवान्याची सूट त्याच राज्याच्या परवान्याला मिळते. त्याला माझ्याकडून 'हो चालेल' एवढंच ऐकायचं होतं. आरती सुरू व्हायच्या आत तो गाडी काढून निघून गेला. त्याच्या वाटणीचे मोदक आम्ही खाल्ले.

तो मुलगा निष्काळजी नव्हता. रोज ज्या गाडीत, ज्या खणात पिस्तूल असतं, ते तिथे आहे हे माणूस विसरतो. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांच्या तपासणीत हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या, दहातल्या नऊंहून जास्त भरलेल्या. त्या सगळ्यांचा काही विमान पळवायचा बेत नव्हता.

तर मग करायचं काय? तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत.

न्यायचंच असेल तर न्यू जर्सीचा कायदा घर बदलणाऱ्याला जुन्या घरातून नव्या घरात पिस्तूल आणू देतो, रिकामं आणि बंद पेटीत किंवा डिकीत कुलपात. इथवर ठीक. पण ग्लॉक १९ सोबत जे मॅगझिन (गोळ्या भरायचा काढता-घालता खण) येतं ते १५ गोळ्यांचं, आणि न्यू जर्सीत २०१८ पासून मर्यादा १० ची. म्हणजे ईस्टनचा पूल ओलांडताक्षणी ते रिकामं मॅगझिनसुद्धा, पिस्तुलाविना, एकटं, गुन्हा. १० चं घ्या आणि १५ ची सगळी टेक्ससमध्येच सोडा. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात एक जास्तीचं असतं, ते आठवणीनं काढा. गोळ्याही तिथेच सोडा. स्वसंरक्षणासाठी जी सर्रास विकतात त्या हॉलो पॉइंट, टोकाला खळगा असलेल्या गोळ्या, टेक्ससमध्ये किराण्यासारख्या मिळतात. न्यू जर्सीत त्या घरात ठेवायला चालतात, दुकानातून थेट घरी आणायला चालतात, एरवी बाळगायला सहसा बंदी. दुसऱ्या राज्यातून सामानासोबत आणणं यातल्या कशात बसतं यावर कोर्टात वाद घालायची तुमची इच्छा नसावी. एआर-१५ सारखी अर्धस्वयंचलित रायफल घरात असेल, तुम्ही लिहिलं नाहीत पण असेल, तर ती आणायचा विचारही नको. न्यू जर्सीत तिच्यावर १९९० पासून बंदी आहे.

रस्त्यात मुक्काम मेम्फिस-नॅशव्हिलच्या आसपास एक आणि व्हर्जिनियात रोनोकला एक, असे करा. रोनोकहून पहाटे निघालात तर एडिसन सात-आठ तासांत. मेरिलँड आणि पेन्सिल्व्हेनिया त्या एका दिवसात, पेट्रोल आणि बाथरूमपुरते थांबून. पोलिसानं थांबवलं तर हात स्टिअरिंगवर, आणि विचारलं तर खरं उत्तर. पेटी उघडून दाखवायची घाई नको.

पोचल्यावर घड्याळ सुरू होतं. २०२२ च्या कायद्यानं नव्या रहिवाशाला ६० दिवसांत फायरआर्म्स आयडी कार्डसाठी (बंदूकधारकाच्या ओळखपत्रासाठी) अर्ज करावा लागतो आणि बाहेरून आणलेल्या पिस्तुलाची नोंदणी करावी लागते. टेक्ससमध्ये नोंदणी हा प्रकारच नाही, म्हणून माणसं हे ऐकूनच बिथरतात. बोटांचे ठसे, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायची संमती, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोन भल्या माणसांची नावं. बदली होऊन नव्यानं आलेल्या माणसाला गावात ओळखणारं कोण असतं? जुन्या मित्रांना आत्ताच विचारून ठेवा. नाव देण्यापूर्वी विचारा हो. आमच्याकडे एकदा पोलिसांकडून विचारणा आली आणि ज्याचं नाव दिलं होतं त्यालाच पत्ता नव्हता. हे कार्ड म्हणजे घेऊन फिरायचा परवाना नव्हे, तो वेगळा. त्याला चार जणांची नावं, प्रशिक्षण, २०० डॉलर फी आणि भरपूर चिकाटी लागते. तो मिळेपर्यंत पिस्तूल घरात किंवा रेंजवर, आणि रेंजला जातानाही कुलपात. वाटेत गरजेपुरता थांबा कायद्याला मान्य आहे. ओक ट्री रोडवर कोथिंबीर आणि पान घ्यायला थांबणं गरजेत बसतं का, याची परीक्षा आम्ही कधी घेतली नाही. नवरा रेंजवरून सरळ घरी येतो आणि मग भाजीला जातो.

दुसरा रस्ता तुमच्या बायकोचा, आणि खरं सांगायचं तर माझं मत तिच्या पारड्यात आहे. निघण्यापूर्वी पिस्तूल टेक्ससमधल्या परवानाधारक दुकानदाराला विका आणि पावती जपून ठेवा. हे टेक्ससचे रहिवासी असतानाच उरका. एकदा तुम्ही न्यू जर्सीचे झालात की टेक्ससमधल्या मित्राला ते परस्पर देता येत नाही, मधे दुकानदार घालावाच लागतो. एडिसनला स्थिरस्थावर व्हा, कार्ड काढा, मग वाटलं तर तिथलंच पिस्तूल तिथल्याच दुकानातून घ्या. प्रत्येक पिस्तुलाला वेगळा खरेदी परवाना लागतो, महिन्याला एकच घेता येतं, थोडी तंगडतोड आहे. पण मग ते पिस्तूल, मॅगझिन, गोळ्या सगळं त्या हद्दीत जन्मलेलं असेल. वापरलेल्या ग्लॉकचे दोनतीनशे डॉलर कमी येतील, येऊ देत. ते सोडताना जीव अडकत असेल तर समजू शकते. घरफोडीनंतरच्या त्या रात्री झोप त्याच्या भरवशावर आली असणार. विकलंत तर साडूंकडे दोनाच्या चार रात्री राहा.

दोन्हींतलं काहीही ठरलं, तरी रेंजला नेता ती बॅग घरातल्या मोठ्या टेबलावर पूर्ण उलटी करा. प्रत्येक कप्पा, अस्तराची फाटलेली शिवणसुद्धा. गाडीच्या सीटखाली टॉर्च मारा. हे केवळ मेरिलँडसाठी सांगत नाही. अशा बॅगा दणकट असतात, म्हणून दोन वर्षांनी तीच कोणीतरी मुंबईच्या विमानाला उचलतं. इकडच्या तपासणीत सुटलेलं एक काडतूस परतीच्या वेळी मुंबईत एक्स-रेमध्ये दिसतं आणि शस्त्र अधिनियमाचं कलम २५ लागतं. जाणीवपूर्वक ताबा नव्हता हे पटल्यावर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्दही केले आहेत, पण तोवर तिकीट गेलेलं असतं, पासपोर्ट अडकलेला असतो, आणि इकडे ऑफिस विचारत असतं, कधी येताय. आमच्या नात्यातल्या एकानं यासाठी रेंजची बॅग मुद्दाम भडक नारिंगी रंगाची घेतली आहे. इतकी वाईट दिसते की प्रवासाला न्यावीशी कोणालाच वाटत नाही.